सीएसआरचे अनुदान मागण्याआधी: ग्रामीण उद्योग चालवणाऱ्या संस्थांनी काय, कोणत्या क्रमाने करावे

गावातल्या बचतगटांसाठी डाळमिल, दूध शीतकरण, मसाले कांडप असले काही उभे करणाऱ्या संस्था सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठी, कंपनीकडे अर्ज करतात आणि चार महिन्यांनी एक ओळीचे उत्तर येते. पुष्कळदा कल्पना कोणी वाचलेलीच नसते. पॅनवरचे नाव आणि नोंदणी दाखल्यावरचे नाव जुळत नाही, विश्वस्तांचा बदल अर्ज अडलेला असतो, नाहीतर अंदाजपत्रकात दुसऱ्या वर्षाचा पगार कोण देणार हे दिसत नाही. अर्ज तिथेच बाजूला पडतो.

मूळ चूक क्रमाची आहे. संस्था आधी प्रस्ताव लिहायला बसते, कंपनी मग शोधते आणि कागद शेवटी गोळा करते. खाली क्रम उलटा आहे: कागद, कंपनी, गाव, हिशेब, आणि त्यानंतर प्रस्ताव. सगळीकडे एकच उदाहरण घेतले आहे. लातूरकडच्या एका गावात महिला ग्रामसंघाने, म्हणजे गावातल्या बचतगटांच्या संघाने, चालवायची मिनी डाळमिल. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या दरपत्रकाप्रमाणे बदला.

टप्पा १: पैसा कोणाच्या नावावर येणार ते ठरवा

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. निव्वळ मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी मर्यादा गाठली तरी कंपनी या कलमात येते. पण हा पैसा ती कोणालाही देऊ शकत नाही. बाहेरच्या संस्थेमार्फत काम करायचे असेल तर ती संस्था कलम ८ ची (ना-नफा) कंपनी, नोंदणीकृत सार्वजनिक न्यास किंवा नोंदणीकृत सोसायटी असावी लागते. तिच्याकडे १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या आयकराच्या दोन्ही नोंदण्या हव्यात आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. १ एप्रिल २०२१ पासून त्यावर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ ची नोंदणीही बंधनकारक आहे.

त्यामुळे शेतकरी उत्पादक कंपनी, खासगी मर्यादित कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा बचतगट थेट अंमलबजावणी संस्था होऊ शकत नाहीत. इथे बरेच जण निराश होऊन थांबतात. थांबायचे कारण नाही, कारण सीएसआर नियमांमध्ये भांडवली मालमत्ता प्रकल्पाच्या लाभार्थ्यांच्या गटाच्या, म्हणजे बचतगट किंवा तशा सामूहिक संस्थेच्या, नावावर ठेवता येते. डाळमिलचे गणित असे बसते: अनुदान न्यासाच्या खात्यात येते, काम न्यास करतो, यंत्र ग्रामसंघाच्या नावावर राहते आणि विक्रीही ग्रामसंघच करतो.

ही विभागणी पहिल्याच दिवशी करा. न्यास स्वतः डाळ विकू लागला तर आयकराचा प्रश्न उभा राहतो. गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत यांत न बसणारे, 'सार्वजनिक उपयोगाचे इतर काम' करणाऱ्या संस्थेची व्यापारी स्वरूपाची आवक एकूण आवकेच्या २० टक्क्यांवर गेली की त्या वर्षाची करसवलत धोक्यात येते. आपला उद्देश कशात बसतो ते सनदी लेखापालाकडून लेखी घ्या, तोंडी मतावर राहू नका.

उद्योग खासगी कंपनीच्या रूपातच चालवायचा असेल तर सीएसआरच्या मागे लागू नका. तुमची वाट इन्क्युबेटरकडून, म्हणजे नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या संस्थेकडून, जाते. स्टार्टअप इंडिया सीड फंडमधून कल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते, पण कंपनीला डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग प्रोत्साहन विभागाची) मान्यता हवी आणि अर्ज करताना ती स्थापन होऊन दोन वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा.

सावध: तीन वर्षे पूर्ण न झालेल्या नव्या संस्था जुन्या संस्थेचे नाव पुढे करून पैसे घेतात आणि काम स्वतः करतात. ऑडिटमध्ये पगाराच्या नोंदी आणि बँकेचे व्यवहार समोर आले की दोन्ही संस्था अडकतात.

टप्पा २: कागद, आणि त्यांवरची नावे

यादी सगळ्यांना माहीत असते, म्हणून पटकन: नोंदणी दाखला, घटना किंवा न्यासपत्र, पॅन, १२ए व ८०जी चे आदेश, सीएसआर-१ क्रमांक, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि आयकर विवरणपत्रे, विश्वस्तांची चालू यादी, रद्द केलेला धनादेश. अडचण यादीत नसते. ती पुढच्या चार ठिकाणी असते.

नाव. दाखल्यावर 'बहुउद्देशीय ग्रामविकास संस्था', पॅनवर 'ग्रामविकास बहुउद्देशीय संस्था', बँकेत नुसते 'ग्रामविकास संस्था'. माणसाला तिन्ही एकच वाटतात, कंपनीच्या छाननीत मात्र त्या तीन वेगळ्या संस्था ठरतात. धर्मादाय कार्यालयातला दाखला मूळ धरा आणि बाकीचे त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. पॅनपासून सुरुवात करा, कारण पुढचे सगळे पॅनवर बेतलेले असते. मराठी नावाचे इंग्रजी स्पेलिंगही सगळीकडे एकच ठेवा. नाव जुळत नाही अशा तक्रारींपैकी बऱ्याच स्पेलिंगच्याच असतात.

बदल अर्ज. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. अध्यक्ष वारले, नवे आले, बँकेत सही बदलली, पण बदल अर्ज दाखलच केला नाही किंवा पडून राहिला, हे अनेक संस्थांत दिसते. मग धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट १ च्या उताऱ्यावर जुनी नावे असतात आणि करारावर सही नव्या माणसाची. असा करार कंपनीचा विधी विभाग परत पाठवतो. अर्ज प्रलंबित असेल तर त्याचा क्रमांक, दाखल केल्याची पोच आणि निवडीच्या सभेचे इतिवृत्त सोबत जोडा. काही कंपन्यांना तेवढे चालते, काहींना चालत नाही. आधी फोन करून विचारलेले बरे.

१२ए आणि ८०जी ची मुदत. आता या नोंदण्या कायमच्या राहिलेल्या नाहीत. हंगामी नोंदणी तीन वर्षांसाठी असते, आणि नियमित नोंदणीच्या आदेशावरही शेवटची तारीख असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी करायचा असतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत. बोलताना सगळे जुनीच नावे घेतात, पण अर्ज भरताना पोर्टलवरचा चालू नमुनाच वापरा.

सीएसआर-१. हा कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरतात. संस्थेच्या अधिकृत व्यक्तीची डिजिटल सही लागते, आणि व्यवसायात असलेला सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा परिव्यय लेखापाल तो प्रमाणित करतो. हा क्रमांक म्हणजे मंत्रालयाने दिलेले प्रशस्तिपत्र नव्हे. पहिल्या पानावर तो सोनेरी अक्षरांत छापून काही साधत नाही.

एफसीआरएबद्दल, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याबद्दल, एक गैरसमज इथेच काढून टाकू. बहुराष्ट्रीय कंपनीची भारतात नोंदलेली उपकंपनी परकीय गुंतवणुकीच्या ठरलेल्या मर्यादेत असेल, तर तिचा सीएसआर निधी परकीय स्रोत धरला जात नाही. परदेशातल्या मूळ कंपनीकडून किंवा तिच्या फाउंडेशनकडून थेट पैसा येणार असेल तर मात्र एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागतेच. तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावा लागतो आणि दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही.

तपासा: सगळे कागद टेबलावर ओळीने मांडा. प्रत्येकावरचे नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि तारीख एका कोऱ्या कागदावर उतरवा. एक जरी ओळ वेगळी निघाली तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा ३: कंपनी शोधा, यादी नको

शंभर कंपन्यांना एकच मेल पाठवण्यात काहीच हाती लागत नाही. पाच कंपन्या निवडा, पण अभ्यास करून. कोणत्या कंपनीने कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या विषयावर किती खर्च केला हे सरकारच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर दिसते. त्याहून कामाचे म्हणजे कंपनीच्या वार्षिक अहवालाला जोडलेले सीएसआर परिशिष्ट. काही कंपन्या त्यात प्रकल्प, जिल्हा, रक्कम आणि अंमलबजावणी संस्थेचे नावही देतात. मागच्या तीन वर्षांची परिशिष्टे वाचली की कळते, कंपनी उपजीविकेवर पैसे देते की शाळांच्या खोल्यांवरच, आणि एका संस्थेला साधारण किती देते. जी कंपनी एका प्रकल्पाला ५० लाखांच्या खाली देत नाही, तिच्याकडे आपल्या डाळमिलचा १३ लाखांचा अर्ज नेणे तिच्यासाठीही डोकेदुखी असते.

कायद्यातच स्थानिक भागाला प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे, म्हणून जवळच्या एमआयडीसीत ज्यांचा कारखाना आहे त्यांच्यापासून सुरुवात करा. प्रकल्पाचे स्थळ कारखान्यापासून किती किलोमीटरवर आहे हे अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात लिहा. डाळमिलसारख्या छोट्या कामासाठी नाबार्डच्या जिल्हा विकास व्यवस्थापकांनाही भेटा. बचतगटांच्या उद्योग प्रशिक्षणासाठी नाबार्डचे अनुदान असते आणि प्रशिक्षणाचा भार तिकडे गेला तर कंपनीकडची मागणी हलकी होते.

वेळ. कंपनीचे वर्ष एप्रिल ते मार्च. वार्षिक कृती आराखडा साधारण पहिल्या तिमाहीत ठरतो, म्हणून पहिली भेट फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि प्रस्ताव एप्रिल-मेपर्यंत. आता डाळमिलचे उलटे गणित करा. वेळा अमावास्या (मार्गशीर्षातली) आली की तिकडे तुरीच्या राशी सुरू होतात, म्हणजे यंत्र डिसेंबरमध्ये फिरले पाहिजे. त्याआधी वीजजोडणी, त्याआधी शेड, त्याआधी पहिला हप्ता. हप्ता सप्टेंबरच्या पुढे गेला की हंगाम हुकतो. मार्चमध्ये यंत्र आले तर वरातीमागून घोडे: तूर तोवर बाजार समितीत जाऊन पोचलेली असते.

सावध: फेब्रुवारीत फोन येतो, 'पैसे शिल्लक आहेत, ३१ मार्चपर्यंत खर्च करता येतील का?' घाईत हो म्हणू नका. हंगामाशी बांधलेल्या कामासाठी कंपनीच्या संचालक मंडळाला प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करता येतो. मग सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत मुदत मिळते आणि न खर्चलेली रक्कम कंपनी वेगळ्या खात्यात ठेवते. हे तुम्हीच सुचवावे लागते.

टप्पा ४: गावातली तयारी

जागा. ग्रामपंचायतीची इमारत वापरणार असाल तर 'जागा देण्यास हरकत नाही' एवढ्या ठरावावर भागत नाही. ठरावात चौरस फूट, भाडे, किती वर्षे आणि वीज-पाण्याचा खर्च कोणाचा हे हवे. सोबत नमुना ८ चा उतारा घ्या. ग्रामपंचायत स्वतःच्या अधिकारात किती वर्षांचा करार करू शकते ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या, कारण सरपंच बदलले की पहिला वाद इथेच होतो. एखाद्या सदस्येच्या पतीच्या जागेत यंत्र बसवणे सोपे वाटते. पुढे ते यंत्र त्याचेच होऊन बसते.

वीज. या एका गोष्टीवर डाळमिली अडकतात. यंत्राला थ्री-फेज लागतो का, किती अश्वशक्तीची मोटर आहे, हे दरपत्रक मागतानाच विचारा. गावठाणात तुमच्या खांबापर्यंत थ्री-फेज आली आहे का ते वायरमनला दाखवून घ्या. शेतीपंपाच्या जोडणीवर मिल चालवायची नाही. ते नियमात बसत नाही आणि शेतीच्या फीडरवर वीज आळीपाळीने येते, कधी रात्रीच. महावितरणकडे अर्ज करून डिमांड नोट (जोडणीसाठी भरायच्या रकमेचे पत्र) मिळवा आणि ती प्रस्तावाला जोडा. प्रस्तावाबरोबर ती आली की काम प्रत्यक्ष सुरू झाले आहे हे वाचणाऱ्याला लगेच दिसते.

गट. ग्रामसंघाच्या सभेचे इतिवृत्त हवे. हजर किती, यंत्र कोणाच्या नावावर, चालवणार कोण, भरडाईचा दर काय, नफ्यातले किती टक्के दुरुस्तीसाठी ठेवायचे. सह्या सभेच्याच वहीत घ्या. सुटा कागद चालत नाही.

दरपत्रके. तीन घ्या, आणि ती खरोखर तीन दुकानांची असावीत. एकाच दुकानदाराने वेगवेगळ्या लेटरहेडवर दिलेली तीन दरपत्रके तपासणारा फॉन्टवरून ओळखतो. किंमत जीएसटी, वाहतूक आणि बसवणीसह मागा. संस्थेची जीएसटी नोंदणी नसेल तर भरलेला कर परत मिळत नाही, तो खर्चच असतो.

तपासा: ठराव, उतारा, डिमांड नोट, इतिवृत्त, तीन दरपत्रके. पाचही हातात आल्यावरच हिशेबाला बसा.

टप्पा ५: अनुदान संपल्यानंतरचा हिशेब आधी करा

हा टप्पा जवळजवळ सगळे वगळतात. कंपनीचा माणूस मात्र पहिला प्रश्न याच्यावर विचारतो: तेराव्या महिन्यात काय?

डाळमिलचे दुसरे वर्ष धरू. बाहेरच्या शेतकऱ्यांची २५० क्विंटल तूर भरडून द्यायची, दर किलोला ८ रुपये: २,००,००० रुपये. ग्रामसंघाची स्वतःची १०० क्विंटल तूर, तीही त्याच दराने मिलच्या हिशेबात: ८०,०००. मिलची आवक २,८०,०००. खर्च असा: दोन चालक, १०० दिवस, रोज ४००, म्हणजे ८०,०००, वीज २५,०००, दुरुस्ती व रोलर २०,०००, भाडे १२,०००, आणि ४,१०,००० चे यंत्र दहा वर्षांनी बदलण्यासाठी वर्षाला ४१,००० बाजूला. एकूण १,७८,०००. उरले १,०२,०००.

आता स्वतःच्या डाळीचा व्यापार. २०२५-२६ चा तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये होता, तो धरला तर १०० क्विंटलला ८ लाख. डाळ साधारण ७० क्विंटल निघेल असे धरू. किलोला १३५ रुपयांनी विकली तर ९,४५,००० आणि चुणीचे ४०,०००. त्यातून तुरीचे ८ लाख, पॅकिंग व वाहतूक ५६,०००, सहा महिन्यांचे १२ टक्क्यांनी व्याज ४८,००० आणि मिलची भरडाई ८०,००० वजा करा. उरतात १,००० रुपये. हो, फक्त एक हजार. तीच डाळ १५० ने गेली तर १,०६,००० उरतात.

म्हणजे मिल आणि व्यापार मिळून दुसऱ्या वर्षी हातात येणार १,०३,००० ते २,०८,०००. आता प्रस्तावात नेहमी लिहिला जातो तो 'प्रकल्प व्यवस्थापक, दरमहा १८,०००' पाहा. वर्षाचे २,१६,०००. डाळ १५० ने गेली तरी त्याचा पगार निघत नाही. अनुदान थांबते, व्यवस्थापक जातो, हिशेबाची वही बंद पडते आणि शेडला कुलूप लागते. बंद पडलेल्या कितीतरी युनिटांमागे हेच साधे गणित असते.

उपाय रचनेतच करावा लागतो. पहिल्या वर्षी व्यवस्थापक अनुदानातून ठेवा, पण सातव्या महिन्यापासून गावातलीच एक बाई त्याच्या हाताखाली दरमहा ७,००० मानधनावर घ्या. दुसऱ्या वर्षी तीच मिल सांभाळेल: वर्षाला ८४,०००, जे वाईट भावातही निघतात. हे गणित प्रस्तावात जसेच्या तसे मांडा. १,००० रुपयांचा आकडाही लपवू नका.

खेळते भांडवल अनुदानात मागू नका. तूर घेतली, डाळ विकली, पुन्हा तूर घेतली. असा फिरणारा पैसा 'खर्च झाला' असे प्रमाणपत्र कोणताही लेखापाल सहज देत नाही, म्हणून कंपन्या तो टाळतात. ते ८ लाख बचतगटांच्या बँक कर्जातून उभे करा आणि बँकेचे पत्र जोडा. कर्ज न्यासाच्या नावावर घेणार असाल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कर्ज ग्रामसंघाकडे ठेवण्याचे हे आणखी एक कारण.

टप्पा ६: अंदाजपत्रक

- यंत्रसंच, वाहतूक, बसवणी: ४,१०,०००
- शेड दुरुस्ती, वायरिंग, थ्री-फेज जोडणी: २,४०,०००
- प्रशिक्षण: ४० महिला × ६ दिवस × ३५० रुपये, प्रशिक्षकाचे ६ दिवस × ३,०००: १,०२,०००
- व्यवस्थापक, १२ महिने × १८,०००: २,१६,०००
- गावातली सहाय्यक, ६ महिने × ७,०००: ४२,०००
- अर्धवेळ लेखापाल, १२ × ८,०००: ९६,०००
- प्रवास व देखरेख, १२ × ४,०००: ४८,०००
- पॅकिंगचे नमुने, चाचणी, अन्नसुरक्षा नोंदणी: ६०,०००
- लेखापरीक्षण: २०,०००
- संस्थेचा प्रशासकीय खर्च: १,००,०००
- एकूण: १३,३४,०००

'किरकोळ', 'इतर', 'आकस्मिक' अशी ओळ ठेवू नका. प्रत्येक ओळीत नग × दर × काळ दिसला पाहिजे, म्हणजे छाननीत कपात झालीच तर दिवस किंवा नग कमी होतात, अख्खी ओळ उडत नाही.

प्रशासकीय खर्चावरून अनेकदा ऐकायला मिळते: 'नियमाने ५ टक्क्यांच्या वर देता येत नाही.' ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण प्रशासनावर आहे. अंमलबजावणी संस्थेच्या खर्चाला ती लागू नाही. आणि प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख व मूल्यमापन यांवर थेट झालेला खर्च त्यात धरला जात नाही. वरच्या अंदाजपत्रकात हा खर्च साडेसात टक्के आहे. एखाद्या कंपनीचे अंतर्गत धोरण याहून कडक असू शकते, ते तिचे धोरण. नियमाचे नाव सांगून कपात होत असेल तर नम्रपणे नियम दाखवा.

सावध: तेच यंत्र एका सरकारी योजनेच्या अनुदानात आणि सीएसआरमध्ये, दोन्हीकडे दाखवू नका. दोन स्रोत घ्यायचे असतील तर बिले वेगळी ठेवा: शेड एकाकडून, यंत्र दुसऱ्याकडून.

टप्पा ७: प्रस्ताव

आता लिहायचे, आणि थोडेच. आठ पाने पुरेत. देशातल्या ग्रामीण दारिद्र्यावर तीन पाने म्हणजे नमनालाच घडाभर तेल. पहिल्या पानावर गाव, कारखान्यापासूनचे अंतर, किती कुटुंबे, मागणी किती, इतर स्रोत किती आणि यंत्र कोणाच्या नावावर राहणार. काम कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मधल्या कोणत्या बाबीत बसते ते एका ओळीत लिहा. आपल्या उदाहरणात ती बाब उपजीविका वाढवणारे प्रकल्प.

उद्दिष्टे मोजता येतील अशीच ठेवा. 'महिलांचे सक्षमीकरण' मोजता येत नाही. 'हंगामात ३५० क्विंटल भरडाई, ४० प्रशिक्षित महिला, दोन चालकांना १०० दिवसांचे काम' मोजता येते. आणि जेवढे निभेल तेवढेच लिहा, कारण हाच तक्ता पुढे तिमाही अहवालात तुमच्यासमोर येतो.

टप्पा ८: करार वाचूनच सही

हप्ते. कंपनीच्या ठरीव मसुद्यात पहिला हप्ता २५ टक्के असेल, तर आपल्याला ३,३३,५०० मिळतात आणि यंत्रच ४,१०,००० चे आहे. यंत्र, शेड आणि व्यवस्थापक व लेखापाल यांचे तीन महिन्यांचे पगार मिळून ७,२८,००० लागतात. पहिला हप्ता ५५ टक्के मागा आणि हे गणित सोबत द्या. कारण दाखवले की तो बदलून मिळतो. नाही दाखवले तर संस्था पदरचे घालते आणि पुढे ते कुठल्याच बिलात बसत नाही.

विक्रीची आवक. सीएसआर कामातून उरलेली शिल्लक त्याच प्रकल्पात परत घालावी, नाहीतर कंपनीच्या न खर्चलेल्या रकमेच्या खात्यात किंवा अनुसूची ७ मधल्या निधीत भरावी, असा नियम आहे. म्हणून करारात स्पष्ट लिहून घ्या की यंत्र ग्रामसंघाच्या मालकीचे आहे, भरडाई आणि डाळीची आवक ग्रामसंघाची आहे, ती अनुदानाच्या हिशेबात येणार नाही. हे कलम नसेल तर दुसऱ्या वर्षी कोणीतरी शिल्लक परत मागू शकते.

व्याज. अनुदानावरचे बँकेचे व्याज प्रकल्पातच वापरायचे की परत करायचे, लिहून घ्या.

फलक. देणगीदाराच्या नावाची पाटी लावायला हरकत नाही. पण कंपनीच्या मालाची जाहिरात करण्याचे बंधन करारात आले की ती सेवा ठरून जीएसटीचा प्रश्न येऊ शकतो.

तपासा: ओळीतल्या ओळीत खर्च हलवायची मुभा किती, ते करारात आहे का? १० टक्क्यांपर्यंत लेखी कळवून हलवता यावा, एवढे तरी मागा.

टप्पा ९: पैसा आल्यापासून विनियोग प्रमाणपत्रापर्यंत

प्रकल्पासाठी वेगळे बँक खाते उघडा. ते जमत नसेल तर खतावणीत वेगळे खाते तरी हवेच. हप्ता आला त्याच दिवशी तो 'ठरावीक हेतूचा निधी' म्हणून नोंदवा. सर्वसाधारण देणगीत मिसळला तर वर्षअखेर वेगळा करताना लेखापालही हात टेकतो. खात्यातून दुसऱ्या प्रकल्पाला 'तात्पुरते उसने' देऊ नका. बँकेचे विवरणपत्र कंपनी मागतेच.

एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिलेत तर आयकरात तो खर्च धरला जात नाही. गवंड्याची मजुरीही बँकेतून द्या. ठेकेदाराच्या आणि प्रशिक्षकाच्या बिलावर टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) लागू असेल तर तो कापाच, कारण न कापल्यास त्या खर्चाचा ३० टक्के भाग धर्मादाय खर्च म्हणून धरला जात नाही.

प्रशिक्षणाची हजेरी रोजच्या रोज, सहीने किंवा अंगठ्याने. सहा दिवसांची हजेरी एकाच पेनने, एकाच बैठकीत भरलेली लगेच दिसते. लाभार्थ्यांच्या आधारच्या झेरॉक्सचे गठ्ठे जमवू नका, नाव, गट आणि मोबाइल पुरतो. यंत्रावर अनुक्रमांकाची पट्टी असेल तिचा फोटो काढा आणि बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. कधी दुकानदार बिल एका क्रमांकाचे देतो आणि माल दुसऱ्याच.

विनियोग प्रमाणपत्र सनदी लेखापालाच्या सहीचे हवे आणि त्यावर यूडीआयएन, म्हणजे लेखापालाच्या प्रत्येक प्रमाणपत्राला मिळणारा वेगळा क्रमांक, हवा. त्यातल्या ओळी अंदाजपत्रकातल्याच आणि त्याच क्रमाने. एकूण बेरीज जुळते पण ओळी वेगळ्या आहेत, या एका कारणाने हप्ते महिनोन्‌महिने लटकतात. पैसा ठरल्याप्रमाणे वापरला गेला हे कंपनीच्या वित्त प्रमुखालाही संचालक मंडळापुढे प्रमाणित करावे लागते. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिकडून फोनवर फोन येतात. २८ फेब्रुवारीपर्यंतचे तात्पुरते प्रमाणपत्र आधीच पाठवून ठेवले तर ती धावपळ दोन्हीकडची वाचते.

मिल सुरू झाली की यंत्र ग्रामसंघाच्या ताब्यात दिल्याचे पत्र करा, दोन प्रती, त्यावर ग्रामसंघाचा शिक्का आणि यंत्राचा अनुक्रमांक. बिले, व्हाउचर, इतिवृत्ते दहा वर्षे जपून ठेवा. पेट्रोल पंपाच्या आणि टोलच्या पावत्या थर्मल कागदावर असतात, काही महिन्यांत कोऱ्या होतात. त्यांची झेरॉक्स त्याच दिवशी काढून मूळ पावतीसोबत टाचा.